लंडनमधलं बारसं, गोरेगाव पूर्व

“बारसं झाल्याबिगर ह्याला आमच्या तिकडं आणू नकोस बघ. आत्ताच सांगून ठेवतो,” इंदूमावशी म्हणाल्या.

आमच्या हॉलमध्ये त्या पाय लांब करून बसल्या होत्या. पायांवर माझं बाळ पालथं, आणि त्याच्या एवढ्याशा पाठीवरून त्यांचा तेलाचा हात वरखाली फिरत होता. मी समोर टॉवेल धरून, त्यांच्या नखांवर नजर ठेवून बसले होते. इंदूमावशी खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या कोल्हापूरच्या, त्यामुळे तिकडच्या बायकांसारखं ‘मी आलो’, ‘मी बघतो’ असंच बोलायच्या. ‘आमच्या तिकडं’ म्हणजे फिल्मसिटीत. हिंदी सिनेमात मागच्या गर्दीत उभं राहायचं काम त्या तरुणपणापासून करत आल्या होत्या. कोर्टात बसलेल्या बायकांत त्या, लग्नात अक्षता टाकणाऱ्यांत त्या, आणि नायकाची आई मेली की रडणाऱ्यांत तर सगळ्यांच्या पुढे.

“का? तिकडं काय भुतं आहेत?” मी विचारलं.

“भुतं कुठली! माणसं हाईत. दिसभर एकमेकांना खोट्या नावानं हाका मारणारी. असल्या जागी बिननावाचं पोर नेऊ नये. कानात पहिलं जाईल ते नाव चिकटतं.”

“मावशी, मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय. चिकटतात ते जंतू.”

“जंतू धुतल्यावर जात्यात तरी,” मावशी म्हणाल्या आणि बाळाला उलटं करून त्याच्या पोटाला तेल लावायला लागल्या.

मी हसले. विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

बाळ दिवस भरायच्या बरंच आधी जन्मलं होतं. पहिले कित्येक आठवडे काचेच्या पेटीत होतं, आणि मी पेटीच्या बाहेर. आता ते घरी आलं होतं, वजन धरत होतं, डॉक्टर खूश होते. फक्त त्याला नाव नव्हतं. दवाखान्याच्या फाइलवर ‘बेबी ऑफ वैदेही सोमण’ आणि घरात नुसतं ‘बाळ’. माझा नवरा हृषीकेश समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर इंजिनिअर. अर्धा महिना घरी, अर्धा पाण्यात. त्याची बहीण मेघनाताई मेलबर्नला. तिनं फर्मान काढलं होतं, “नाव मीच ठेवणार. डिसेंबरात येते. तोवर कुणी त्याच्या कानाजवळ जायचं नाही.” चिपळूणहून सासूबाई कुरकुरायच्या, पण लेकीपुढे त्यांचं चालत नव्हतं. कुणी विचारलं की मी सांगायची, “आत्याची वाट बघतोय.” लोकांना पटायचं.

नाव ठरलं होतं. हृषीकेशनं ठरवलं होतं, मला आवडलंही होतं. पण मी ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. तो म्हणायला लागला की मी त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

त्याच आठवड्यात गौतमीचा फोन आला. गौतमी दळवी ही माझी कॉलेजच्या होस्टेलमधली रूममेट, तेव्हा एका मोठ्या हिंदी चित्रपटात सहायक दिग्दर्शिका होती.

“वैदेही, मला बाळ हवंय.”

“मग आधी लग्न कर.”

“चेष्टा नको गं, रडायच्या बेतात आहे मी. आमचं पिक्चर लंडनमधल्या मराठी कुटुंबाचं आहे. परवा बारशाचा सीन. आणि जे बाळ ठरवलं होतं ते महिनाभरात असं बाळसेदार झालंय, की दोन्ही गालांवर दोन उकडीचे मोदक. नवजात म्हणून कोण मानेल त्याला? तुझं अजून कसं…” ती अडखळली. “छोटं आहे.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता.

“परवानगीचे कागद, डॉक्टर, नर्स, वेगळी खोली, सगळं आहे,” गौतमी घाईनं म्हणाली. “काहीच करायचं नाही त्याला. पाळण्यात ठेवायचं, आत्या वाकून कानात नाव सांगते, कट. एवढंच.”

“कुठलं नाव?”

“पिक्चरमधलं. विहान.”

“येते मी,” मी म्हणाले.

“नक्की?” तिनं विचारलं. गौतमीला माझ्या घरचे नियम माहीत होते. पाहुण्यांनी चपला लिफ्टपाशी काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, शिंक आली तर जिन्यात जाऊन द्यायची. अशी बाई तान्ह्या पोराला घेऊन शूटिंगला येते म्हणाल्यावर तिला खरं वाटणार कसं? हृषीकेशशी त्या रात्री तुटक्या लाइनवर बोलणं झालं. “तू? तू नेणार? तुझी तब्येत बरी आहे ना?” त्यानं तीनदा विचारलं. मी आमच्या डॉक्टरांची परवानगी घेतली. इंदूमावशींना मात्र काही बोलले नाही.

*

बाहेर ऑक्टोबरची काहिली, आणि शूटिंगच्या फ्लोअरचं दार ढकलून आत गेलं की लंडन. खिडकीबाहेर कापडावर छापलेली विटांची घरं, त्यांच्या कौलांवर फेसाचा बर्फ, आणि एक माणूस शिडीवर चढून तो फेस उशीसारखा थापटत होता. घरात शेकोटी होती, पियानो होता, आणि मधोमध पाळणा. पेशव्यांनाही परवडला नसता असला. त्याला परदेशी फुलं आणि लुकलुकणारे दिवे. भोवती पोपटी नऊवारीतल्या बायका. नऊवारी शिवलेली, मागून चेनची, म्हणजे पटापट चढवता येईल अशी.

मी सगळीकडे बघत होते ते नेहमीच्याच नजरेनं. वायर कुठून जाते, दिवा कुणाच्या डोक्यावर लटकलाय, कोण खोकतंय. पण हळूहळू मला त्या कामाचं नवलच वाटायला लागलं. कुणी पंजाबी, कुणी मल्याळी, कुणी आझमगडचा, कॅमेऱ्यावरचा माणूस तर पोलंडचा. बारसं म्हणजे काय हे यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. तरी पाळण्याची दोरी कुठल्या हातात शोभेल, यावर ते घरचंच कार्य असल्यासारखे वाद घालत होते.

इंदूमावशी बायकांच्या रांगेत होत्या. मला बघितलं आणि त्यांचं तोंड मिटलं. पाण्याच्या निमित्तानं माझ्या जवळून गेल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “आणलंसच अखेर.”

मी काही बोलायच्या आत बायका पुरवणारा ठेकेदार, लोबो, ओरडला, “लेडीज लोग, सुनो! मॅडम को हाथ नहीं लगाने का. साडी को भी नहीं. जिसने लगाया वो घर जाएगी, कल से आने का नहीं!”

मॅडम म्हणजे मायरा लाखाणी. सिनेमात बाळाची आत्या. मूळची लेस्टरची, तिथंच जन्मलेली, वाढलेली. तिचा चेहरा तेव्हा रस्तोरस्ती फलकांवर होता. ती एका कोपऱ्यात गौतमीकडून ‘कुर्रर्र’ शिकत होती. बारशात आत्या कानात आधी ‘कुर्रर्र’ करते आणि मग नाव सांगते, हे तिला समजावून झालं होतं. पण तिची जीभ काही फिरत नव्हती. ‘कुअअ’ असं काहीतरी यायचं.

पहिली तालीम बाहुल्यावर झाली. माझं बाळ आतल्या खोलीत झोपलेलं, मी दारात. संगीत सुरू झालं. मायरा पाळण्यावर वाकली, बाहुल्याच्या कानाशी तोंड नेलं, ‘कुअअ’ म्हणाली…

आणि तिच्या पाठीत धपाधप गुद्दे बसले.

पहिला हात इंदूमावशींचा. त्यांच्यामागोमाग सगळ्या बायकांचे. बारशाला आत्या वाकली की तिच्या पाठीत गुद्दे घालायचे, हे त्या हातांना जन्मापासून माहीत. डोक्याला विचारायची वेळच आली नाही. मायरा दचकून पाळण्यावर आपटली, कमरेचं माइकचं यंत्र खाली पडलं, तिचा मॅनेजर खुर्ची उलथवून धावला.

“कट! कट! ये क्या हो रहा है?” दिग्दर्शक भसीनसर ओरडले.

लोबो धावत आला. “इंदू! पागल हो गई है क्या? बाहर निकल! कल से तेरा काम बंद!”

मावशींनी पदर सावरला, म्हणजे सावरायला गेल्या. तो शिवलेला होता. “चुकलं साहेब. हात आपोआप गेला. आमच्यात पाळण्यापाशी आत्या वाकली की हाणत्यात.”

“हाणत्यात मतलब?” मायरा सरळ होत म्हणाली.

गौतमी भसीनसरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग मीच पुढे झाले. मायराला सांगितलं की हा रिवाज आहे, चेष्टेचा. नाव ठेवायचा मान आत्याला मिळतो, म्हणून बाकीच्या बायका तिला गुद्दे घालतात. मारणं नाही, लाड आहेत.

“सब की आंटी को मारते हैं?”

“सबकी.”

“ज़ोर से?”

माझ्याआधी मावशींनीच उत्तर दिलं. “जितनी लाडकी, उतना जोर से.”

मायरा त्यांच्याकडे वळली. पाठ चोळत, अगदी गंभीरपणे म्हणाली, “तो फिर आपने इतना धीरे क्यों मारा?”

आधी पोलंडचा कॅमेरावाला हसला, त्याला काय कळलं देव जाणे. मग सगळे. भसीनसरांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, “रखेंगे. ये रखेंगे! और क्या होता है रियल में? बताओ मुझे!” लोबो मिनिटभरात पालटला. “इंदूजी, थोडा सेंटर में आइए ना. लाइट में.”

“आता ‘जी’ झाले मी,” मावशी बाजूच्या बाईला म्हणाल्या. एरवी ‘झालो’ म्हणणाऱ्या बाईनं लाइटमध्ये गेल्या गेल्या भाषा बदललेली बघून मी हसू दाबलं.

मग बायकांनी सरांना भंडावून सोडलं. साहेब, घुगऱ्या पाहिजेत. साहेब, पाळण्याखाली दिवा पाहिजे. साहेब, बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो, कुंची घालून. “क्या घालके?” म्हणत सरांनी सामानवाल्याला पिटाळलं. तो पौराणिक मालिकेच्या गोडाउनमधून थर्माकोलचा वरवंटा घेऊन आला. करडा रंगवलेला, एका बोटावर उचलता येईल असा.

*

जेवणाची सुट्टी झाली. मी खोलीत बाळाला पाजून आडवं केलं, टेबल तिसऱ्यांदा स्पिरिटनं पुसलं. दारावर टकटक झाली. मायरा. न सांगता बेसिनपाशी गेली, बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात धुतले. मग बाळापासून हातभर लांबच बसली.

“असली नाम क्या है इसका?”

“अजून ठेवलं नाहीये.”

“तो मैं विहान कैसे बोलूँ?” तिचं हिंदी परकं होतं, पण शब्द जपून उचललेले. “हमारे यहाँ भी आत्या, मतलब फोई, नाम रखती है. मेरा नाम मेरी फोई ने रखा था, लेस्टर में, ऊपर वाले कमरे में. उन्होंने बोला, उसके बाद ही मैं मायरा हुई. गलत नाम किसी के कान में डालना… अच्छा नहीं लगता.”

“चालेल मला,” मी म्हणाले. “विहानच म्हणा. कानाच्या अगदी जवळ जाऊन, स्पष्ट म्हणा.”

माझा आवाज जरा जास्तच वर गेला असावा. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं विषय बदलला, तो वरवंटा उचलून. सामानवाल्यानं तो कुंची चढवायला माझ्या टेबलावर आणून ठेवला होता.

“ये किसलिए होता है?”

समजावून सांगणं मला नेहमी सोपं जातं. मी सुरू केलं. दगडाचा असतो, मसाला वाटायचा. त्याला न्हाऊ घालतात, कुंची घालतात, बाळासारखं पाळण्यात ठेवतात. बायका त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. मग बाळ.

“पहले ये क्यों?”

“कुणी म्हणतं, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. कुणी काही, कुणी काही. मला वाटतं, आधी हा पुढे जातो. म्हणजे जे काही वाईट टपून बसलेलं असेल, त्याला वाटेल हेच बाळ. ते ह्याला धरून बसेल. आणि मग मागून खरं बाळ…”

माझं वाक्य तिथंच थांबलं.

कुंची माझ्या हातात होती. समोर बाळ झोपलं होतं, ओठ हलवत, स्वप्नात दूध पीत. मी ज्या कामासाठी त्याला इथं घेऊन आले होते ते मीच, स्वच्छ शब्दांत, एका परक्या मुलीला सांगून बसले होते. फक्त वरवंट्याच्या जागी मी त्यालाच पुढे केलं होतं.

“वैदेही?” मायरा म्हणाली.

मग मी सांगितलं. हिंदीत, इंग्रजीत, मधेच मराठीत. त्याच्याआधी मला मुलगी झाली होती. अनघा. ती पूर्ण दिवसांची होती, गोरी, गुबगुबीत, काहीएक काळजी नव्हती. बाराव्या दिवशी थाटात बारसं केलं. मेघनाताई तेव्हा खास मेलबर्नहून आली होती. हॉल माणसांनी भरला होता, भिंतीवर शेवंतीच्या फुलांत तिचं नाव लिहिलं होतं. सगळे तिला नावानं हाका मारत होते, आणि मी प्रत्येकाला अभिमानानं सांगत होते, अनघा, अनघा. सव्वा महिन्याच्या आत ती गेली. झोपेत. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मला ते कळलंही. मी शिकलेली आहे. पण त्यानंतर आमच्या घरात कुणी ते नाव घेतलं नाही. आम्ही घर बदललं, गोरेगावला आलो.

“याचं खरं नाव घेतलं की कुणीतरी ऐकेल असं वाटतं मला,” मी म्हणाले. “म्हणून आधी दुसरं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, वाजत-गाजत. ज्याला कुणाला न्यायला यायचं असेल, त्यानं विहानला हाक मारावी. माझ्या मुलाला नको.”

मायरानं हात पुढे केला, बाळाच्या नव्हे, माझ्या हातावर ठेवला. दारात हालचाल झाली. इंदूमावशी उभ्या होत्या. त्यांना अनघाबद्दल माहीत नव्हतं. आम्ही त्या बिल्डिंगमध्ये आलो तेच सगळं मागे टाकून. आता त्या ओरडतील, सांगितलं होतं म्हणतील, म्हणून मी मान खाली घातली.

त्या आत आल्या, टेबलावरचा वरवंटा उचलला, हलवून बघितला.

“थर्माकोल,” त्या म्हणाल्या. “फुंकर मारली की उडंल. हे कुणाला अडवणार?” आणि तो काखेत मारून चालत्या झाल्या.

परत आल्या त्या घामाघूम. फिल्मसिटीच्या मागच्या पाड्यावर त्यांच्या ओळखीचं एक घर होतं. तिथून खराखुरा वरवंटा आणला होता, काळा, मिरच्यांच्या वासाचा, वापरून मधे झिजलेला. त्यांनी तो बेसिनखाली धुतला, माझ्या स्पिरिटनं पुसला, “झालं न्हवं तुझ्या मनासारखं?” म्हणाल्या आणि कुंचीच्या नाड्या बांधल्या.

*

शॉट लागला. आधी वरवंटा. मायरानं तो थर्माकोलच्या हिशेबानं उचलला आणि तिचे खांदे खाली आले. चार बायका पुढे धावल्या. एकीच्या हातातून दुसरीकडे तो जाताना सगळ्यांचे हात जपून चालत होते, चेहऱ्यांवर आपोआप खरी काळजी होती. मॉनिटरवर बघताना भसीनसर पुटपुटत होते, “ब्यूटिफुल. ब्यूटिफुल.”

मग मी बाळाला पाळण्यात ठेवलं. हात काढून घेणं जमत नव्हतं. गौतमीनं मला दंडाला धरून मागे नेलं. संगीत सुरू झालं. मायरा वाकली. तिच्या केसांनी बाळाचं तोंड झाकलं. ओठ हलले. गुद्दे बसले, यावेळी चांगले दणदणीत. बाळ जागं झालं, पण रडलं नाही. दिव्यांकडे बघत राहिलं.

“कट! ओके! शानदार!”

मी धावले. मायरा पाळण्यापाशीच उभी होती. “मैंने नहीं बोला,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“नाम. सिर्फ होंठ हिलाए. गाना ऊपर से आएगा, किसी को पता नहीं चलेगा. वो जगह खाली है.”

मला संताप आला, आजही आठवतो. “मी सांगितलं होतं तुम्हाला! हात जोडून सांगितलं होतं!”

“हाँ,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पूरा दिन झूठ ही बोलती हूँ, वैदेही. ये वाला नहीं बोल पाई. सॉरी.”

मी बाळाला उचलायला वाकले, आणि इंदूमावशींचा हात आडवा आला.

“नाव ठरलंय का?”

“ठरलंय.”

“मग सांग की. त्याला नको सांगू. मला सांग. मी काय, जुनं हाड. मला कोण नेतंय?”

भोवती त्या पोपटी साड्या. कुणी चार घरची भांडी घासणारी, कुणी शाळेतल्या पोरांचे डबे करून आलेली, सगळ्यांना एव्हाना काहीतरी समजलेलं. कुणी जवळ आली नाही, कुणी लांबही गेली नाही. खिडकीबाहेर फेसाचा बर्फ हळूहळू ओघळत होता. मी मावशींच्या कानाशी तोंड नेलं. दोनदा तोंड उघडून मिटलं. आणि मग मी माझ्या मुलाचं नाव घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, तोंडानं.

मावशींनी मान मागे घेतली, माझ्याकडे बघितलं, पाळण्यातल्या त्या मूठभर जिवाकडे बघितलं, आणि खो खो हसायला लागल्या. “अगं, एवढ्याशा पोराला हे नाव? आधी अंगात मावू तर दे!” मग डोळे पुसत म्हणाल्या, “बेस हाय. दणकट हाय.”

त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली तसा मागून भसीनसरांचा दबका आवाज आला. “रोल. रोल करो. जल्दी.”

इंदूमावशी वळल्या. सबंध आयुष्य कॅमेऱ्यानं आपल्याकडे बघावं म्हणून गर्दीत उभी राहिलेली ती बाई. तिनं कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरला.

“नाही साहेब. हे आमचं हाय.”

लोबोनं डोळेच मिटले. भसीनसरांनी पोलंडच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. “कैमरा बंद. लाइट रहने दो, बच्चा देख रहा है.”

मावशी वाकल्या. त्यांचा ‘कुर्रर्र’ फ्लोअरच्या छतापर्यंत गेला. नाव मात्र कुणाला ऐकू आलं नाही. आणि मग मागून जे गुद्दे पडले! बायका, गौतमी, मायरा, तिची मेकअपवाली, सगळे. मावशी “अगं मेलो, मेलो” म्हणत पाळण्याला धरून हसत होत्या. सर्वांत शेवटी मी गुद्दा घातला. मग बाळाला उचललं, खोलीत नेलं आणि थर्मामीटर लावलं. ताप नव्हता.

*

तिच्याआधी नाव ठेवलं म्हणून मेघनाताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग बोलली, आणि दोघी बराच वेळ रडलो. अनघाचं नाव घेऊन.

सिनेमा देशोदेशी चालला. त्यात माझा मुलगा श्वासभर दिसतो, इंदूमावशींचा हिरव्या चुड्याचा एक हात. मायराच्या पाठीतले गुद्दे मात्र गाण्यात चांगले ठसले आहेत. आता आम्ही ॲबरडीनला असतो, हृषीकेशचं तेल इकडच्या समुद्रात. गेल्या हिवाळ्यात इथं एका तमिळ डॉक्टरीणबाईंच्या बाळाचं नाव ठेवायला गेलो होतो. आत्याबाई वाकल्या आणि सगळ्या बायकांनी, एक पंजाबी, दोन बंगाली, एक स्कॉटिश शेजारीण, त्यांना धपाधप मारलं. मला कुणीतरी समजावलं, हे असंच असतं, सिनेमात दाखवलंय. मी म्हटलं, हो का, आणि एक गुद्दा घालून घेतला. सिनेमानं आमचं काय काय बिघडवलं यावर मी कॉलेजात निबंध लिहिला होता. तो आज लिहिता आला नसता.

मुलगा आता तिसरीत आहे. बर्फात पडतो, गुडघे फोडून घेतो, दिवसातून पन्नासदा मी त्याला नावानं ओरडते.

पण हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण वेगळं आहे. इंदूमावशी दर पंधरवड्याला फोन करायच्या, आधी त्याच्याशी बोलायच्या, मग माझ्याशी. गणपतीपासून फोन लागत नाही. बिल्डिंग पाडायला काढलीय असं कानावर आलं. गौतमी हैदराबादला असते, वॉचमनचा नंबर बदललाय. मी रोज लावून बघते.

तुमच्यापैकी कुणी गोरेगाव पूर्वेला राहत असाल, तर एवढं करा. दिंडोशीच्या बस डेपोमागच्या गल्लीत ‘स्नेहसागर’, पहिला मजला, डावीकडचं दार. नाव इंदुमती शेळके. गुडघे धरतात, दार उघडायला वेळ लागेल, बेल वाजवून लगेच निघू नका. बिल्डिंग रिकामी झाली असेल तर खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा, कुठं गेल्या ते. आतून विचारतील, कोण, कुणी पाठवलं.

शार्दूलच्या आईनं, म्हणून सांगा.